कागदाविना वर्ग: पालक आणि शिक्षक पुन्हा पुन्हा विचारतात ते प्रश्न

आमच्या माध्यमिक शाळेत पाचवी ते दहावीचे वर्ग टप्प्याटप्प्याने कमी कागदावर आणले, त्याला आता चार वर्षं होतील. तेव्हापासून पालकसभेत, शिक्षण परिषदेत आणि रात्री नऊनंतरच्या फोनवर तेच तेच प्रश्न येतात. तोंडी उत्तर देताना दर वेळी काहीतरी सांगायचं राहतं, म्हणून इथे लिहून ठेवते आहे. माझं मत आधीच सांगते: शाळेचा कागद जेवढा कमी करता येईल तेवढा करावा, मुलाच्या हातातली वही मात्र काढून घेऊ नये.

१. कागदाविना वर्ग म्हणजे वह्या-पुस्तकं सगळी बंद का?

नाही. शाळेत चार तऱ्हेचा कागद फिरतो. पहिला सूचना, परिपत्रकं आणि संमतीपत्रांचा. दुसरा झेरॉक्सचा, म्हणजे स्वाध्यायपत्रिका, सरावाच्या प्रश्नपत्रिका, नकाशे. तिसरा पाठ्यपुस्तकांचा. चौथा मुलं ज्यावर स्वतः लिहितात तो. पहिले दोन जवळजवळ पूर्ण काढून टाकता येतात आणि त्यात कुणाचं नुकसान नाही. तिसरा काही प्रमाणात कमी होतो (प्रश्न ३ पाहा). चौथ्याला आम्ही हात लावलेला नाही. तो का, ते प्रश्न ५ मध्ये आहे.

२. यात फायदा नक्की कुणाचा? शाळा फक्त जाहिरातीसाठी करते असं वाटतं.

शंका रास्त आहे. भिंतीवर फलक लावून टॅब कपाटात कुलूपबंद ठेवलेले मीही पाहिले आहेत. पण काम मनापासून केलं तर फायदा दिसतो.

पहिला फायदा गैरहजर मुलाचा. आमच्याकडे दिवाळीच्या सुमारास काही कुटुंबं ऊसतोडीला जातात आणि पट्टा पडल्यावर, म्हणजे गाळप हंगाम संपल्यावर परततात. आजी-आजोबांकडे मागे राहिलेली मुलं शाळेत येतात, पण सगळ्यांना मागे ठेवणं जमत नाही. पूर्वी अशा मुलाचे चार-पाच महिने कोरे जायचे. आता त्या महिन्यांतले पाठ आणि स्वाध्याय एका जागी तारखेनुसार ठेवलेले असतात. कोपीवर (ऊसतोड मजुरांच्या झोपडीवर) फोनला रेंज मिळाली की ते उतरवून घेता येतात. सगळी मुलं करतात असं नाही, पण गेल्या वर्षी दोघांनी केलं आणि परतल्यावर ती वर्गाबरोबर चालू शकली. माझ्यासाठी सगळ्या खटाटोपाचं मोल तेवढ्यात वसूल झालं.

दुसरा फायदा तपासणीचा. साठ वह्या गोळा केल्या की तीन दिवस साठ मुलांकडे अभ्यासाला वही नसते. मूल घरी लिहितं, पानाचा फोटो पाठवतं आणि मी त्यावर शेरा देते, तर वही त्याच्याजवळच राहते. शिवाय जूनमधलं लेखन आणि जानेवारीतलं लेखन शेजारी ठेवून पालकांना दाखवता येतं.

तिसरा फायदा पुस्तकाबाहेर जाण्याचा. बालभारतीच्या पुस्तकांत छापलेले क्यूआर कोड आज आपल्याला नेहमीचे झाले आहेत. त्या कल्पनेमागे सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत तेव्हा शिकवणारे रणजितसिंह डिसले यांचं काम आहे, त्यांना २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. एका वाडीवरच्या शाळेतून ही गोष्ट राज्यभर गेली हे मी मुलांना आवर्जून सांगते.

३. दप्तराचं ओझं तरी कमी होईल का?

होतं, पण टॅबमुळे कमी आणि वेळापत्रकामुळे जास्त. दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जड नसावं, हे महाराष्ट्र शासनाने २०१५ च्या निर्णयात सांगितलं आणि केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणातही तेच आहे. तीस किलोच्या मुलाला तीन किलो, डबा आणि पाण्याची बाटली धरून. तुमच्या मुलाचं दप्तर एकदा वजनकाट्यावर ठेवून पाहा.

कागदावरच केलेला एक उपाय आठवत असेल. २०२३-२४ पासून दुसरी ते आठवीच्या पाठ्यपुस्तकांत प्रत्येक पाठानंतर लिहायला कोरी पानं घातली गेली, म्हणजे वेगळी वही न्यायला नको. मुलं वह्या आणतच राहिली आणि पुस्तकं जाड झाली. २०२५ मध्ये ती पद्धत बंद करावी लागली. यातून मी एक शिकले की वस्तू बदलण्याआधी मूल रोज काय आणतं आणि का आणतं ते बघावं. आम्ही विषयवार पुस्तकांचा एक संच वर्गातच ठेवला, घरी छापील पुस्तक ठेवायला सांगितलं, आणि फक्त वह्या ने-आण करायच्या असं ठरवलं. बालभारतीच्या संकेतस्थळावर पुस्तकांच्या पीडीएफ मोफत मिळतात, त्यामुळे एखाद्या दिवशी पुस्तक जवळ नसलं तरी अडत नाही.

४. स्क्रीनवर वाचलेलं लक्षात राहत नाही म्हणतात, ते खरं आहे का?

बऱ्याच अंशी. २०१८ मध्ये ५४ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला, त्यात एक लाख सत्तर हजारांहून जास्त वाचकांची माहिती होती. माहितीपर मजकूर वाचताना आणि वेळेचं बंधन असताना कागदावर वाचणाऱ्यांना जास्त समजलं. गोष्टीरूप मजकुरात मात्र असा फरक दिसला नाही. म्हणून विज्ञान आणि इतिहासाचा पाठ छापील पुस्तकातून, आणि अवांतर गोष्टी, कविता, चरित्रांचे उतारे स्क्रीनवर चालतील अशी विभागणी आम्ही केली.

मुलं स्क्रीनवर वाचताना बोटाने सरकवत जातात, वाचल्यासारखं करतात आणि आपल्याला कळलं असं त्यांना मनापासून वाटतं. छापील पानावर ‘डाव्या पानाच्या खाली होतं ते’ अशी जागेची आठवण राहते. ती आठवण परीक्षेत उपयोगी पडते, हे आपण सगळ्यांनीच अनुभवलं आहे.

५. हाताने लिहिणं सुटलं तर बोर्डाच्या परीक्षेत काय करणार?

सुटू द्यायचंच नाही. दहावी आणि बारावीची बोर्डाची परीक्षा कागदावर, पेनाने, बहुतेक विषयांना दोन ते तीन तास बसून लिहायची असते. बारावीचा माहिती तंत्रज्ञान विषय संगणकावर होतो, तो अपवाद. पुढे एमएचटी-सीईटी आणि जेईई मेन संगणकावर असतात. २०२५ ची नीट मात्र कागदावर, गोल रंगवायच्या ओएमआर पत्रिकेवर झाली. म्हणजे मुलाला दोन्ही यावं लागतं.

करोनानंतर शाळा उघडल्या तेव्हा आठवीतली मुलं अर्ध्या पानानंतर हात झटकत होती. मुद्दे येत होते, पण हात चालत नव्हता. ती सवय परत यायला वर्ष लागलं. तेव्हापासून आठवड्यातून दोनदा चाळीस मिनिटं सलग लेखन हा आमच्याकडे न मोडायचा नियम आहे.

हाताने लिहिण्याचा उपयोग फक्त परीक्षेपुरता नाही. नॉर्वेत २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ३६ विद्यार्थ्यांच्या मेंदूतल्या लहरी मोजल्या, तेव्हा लिहिताना मेंदूच्या निरनिराळ्या भागांतला संपर्क टायपिंगपेक्षा कितीतरी व्यापक दिसला. विशेष म्हणजे ते विद्यार्थी डिजिटल पेनाने पडद्यावर लिहीत होते. म्हणजे महत्त्व कागदापेक्षा हाताच्या वळणाला आहे. ज्यांच्याकडे पेन चालणारे टॅब आहेत त्यांना हा मार्ग खुला आहे. आमच्याकडे वही स्वस्त पडते.

६. मराठी टाइप करताना मुलांचं शुद्धलेखन बिघडतं, त्याला काय करावं?

या प्रश्नाची मला सर्वांत जास्त काळजी वाटते आणि यावर फार कमी बोललं जातं. बहुतेक मुलं रोमन अक्षरं दाबून मराठी उमटवतात आणि यंत्र सुचवेल तो शब्द निवडतात. ऱ्हस्व-दीर्घाचा निर्णय मग मूल घेतच नाही. ‘पाणी’ (जल) आणि ‘पाणि’ (हात) यातला फरक यंत्राने सोडवला की तो मुलाच्या हाती उरत नाही. ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ या दोन शब्दांचं उदाहरण घ्या. पहिल्या डोंगरातल्या, दुसरा म्हणजे समुद्र. तो ‘ऱ’ कुठून काढायचा हे दहावीच्या मुलांनाच काय, शिक्षकांनाही ठाऊक नसतं.

अक्षरांच्या रूपाचाही प्रश्न आहे. राज्य शासनाने नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात मराठीसाठी पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ ठरवला, आणि २०२२ मध्ये तो निर्णय अद्ययावत केला. पण अनेक फोन आणि टॅबवर हिंदी वळणाचे ल आणि श दिसतात. पहिलीत पाटीवर एक वळण गिरवलेलं मूल रोज दुसरंच बघतं.

उपाय दोन आहेत. सहावीपासून इन्स्क्रिप्ट कळफलक शिकवा. त्यात व्यंजन आणि मात्रा स्वतः निवडावी लागते, म्हणून मूल विचार करूनच लिहितं. पंधरा दिवस त्रास होतो, मग बोटं बसतात. आणि निबंध आधी वहीत, मग टाइप, हा क्रम मोडू नका.

७. गणिताचं काय?

गणित वहीतच. पायऱ्या, खाडाखोड, बाजूला मांडलेला कच्चा भागाकार, यातूनच चूक कुठे झाली ते मला कळतं. अपवाद भूमितीचा. त्रिकोणाचं टोक ओढलं तरी कोनांची बेरीज १८० अंशच राहते, हे जिओजेब्रासारख्या मोफत साधनात मुलं डोळ्यांनी बघतात. तो तास स्क्रीनवर घेण्यासारखा आहे. रचना मात्र कंपासपेटीनेच.

८. झाडं वाचतात ना? मग वाद कशाला?

हिशोब करून पाहू. ए-फोर आकाराचा नेहमीचा कागद पाच ग्रॅमचा असतो. साठ मुलांच्या वर्गात महिन्याला दहा झेरॉक्स दिल्या तर दहा महिन्यांत सहा हजार कागद, म्हणजे बारा रिमं, तीस किलो. एका वर्गाचे तीस किलो वाचले तर आनंदच आहे, पैसेही वाचतात.

पण त्याच साठ मुलांसाठी साठ टॅब घेतले तर गणित उलटतं. अशा उपकरणाच्या आयुष्यभरातल्या प्रदूषणाचा मोठा भाग ते बनवतानाच झालेला असतो, आणि आपल्या राज्यात ते चार्ज करायची वीज मुख्यतः कोळशाची. कागद काही सगळा जंगलातल्या झाडांचा नसतो. बल्लारपूरची कागदगिरणी बांबूसाठी ओळखली जाते, आणि देशातला बराच कागद रद्दी व उसाच्या चिपाडापासून होतो. वही रद्दीत जाऊन पुन्हा कागद होते. फुगलेली बॅटरी भंगारात गेली तर धोका आहे. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, त्यामुळे बिघडलेली उपकरणं शाळेने नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडेच द्यावीत.

असलेल्या साधनांवर काम करून झेरॉक्स थांबवली तर पर्यावरणाचा फायदा. त्यासाठी नवी खरेदी केली तर तो दावा करू नये.

९. घरात एकच फोन आहे, तोही मुलाचे वडील कामावर नेतात. मुलाने अभ्यास कसा करायचा?

ज्या गोष्टीसाठी घरी फोन लागेल ती गोष्ट सक्तीची ठेवायची नाही. शिक्षक मंडळींनो, हा नियम लिहून फळ्याशेजारी लावा. स्क्रीनचं काम शाळेच्या वेळेत, शाळेच्या साधनांवर. घरचं काम वहीत. फोटो पाठवणं शक्य नसेल तर वही दाखवली तरी पूर्ण गुण.

फोन घरात असणं आणि त्यावर अभ्यास होणं यातही अंतर आहे. असर या शिक्षणविषयक पाहणीच्या २०२४ च्या ग्रामीण अहवालानुसार १४ ते १६ वयोगटातल्या ८२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. आदल्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरणारी त्यांपैकी ५७ टक्के, समाजमाध्यमांसाठी वापरणारी ७६ टक्के. आणि घरात एकच फोन असेल तर तो बहुतेक वेळा भावाच्या हातात जातो. हे मी मुलींच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं आहे की गृहपाठ देताना आता मी आधी त्यांचा विचार करते.

१०. आमच्या गावात वीज आणि नेट दोन्हींचा भरवसा नाही. आम्ही हे सोडूनच द्यावं का?

सोडू नका, साधन लहान करा. एक प्रोजेक्टर, एक इन्व्हर्टर आणि पेनड्राइव्ह एवढ्यावर वर्ग चालतो. २०१७ मध्ये सुरू झालेल्या दीक्षा या सरकारी शैक्षणिक ॲपमधला मजकूर आधी उतरवून ठेवला तर नेटशिवाय चालतो. कोलिब्री नावाची मोफत प्रणाली एका जुन्या संगणकावरून वर्गापुरतं जाळं तयार करते. ठाणे जिल्ह्यात शहापूर तालुक्यातल्या पाष्टेपाड्याची जिल्हा परिषद शाळा लोकसहभागातून डिजिटल झाली आणि पाठोपाठ अनेक गावांनी तो मार्ग धरला.

एकच सावधगिरी: यंत्र आणण्याआधी वीजबिल कोण भरणार हे शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावात लिहून घ्या. देणगी यंत्राला मिळते, बिलाला मिळत नाही. बिल थकून मीटर काढून नेल्यावर झाकून ठेवलेले संच मी पाहिले आहेत.

११. वॉट्सॲपवर गृहपाठ पाठवला म्हणजे वर्ग कागदाविना झाला का?

नाही. गट सूचनेसाठी चांगला आहे, अभ्यास साठवण्यासाठी वाईट. शंभर ‘ओके मॅडम’खाली स्वाध्याय गाडला जातो, फोटो अंधुक होतात, आणि एका मुलाच्या चुका सगळ्या पालकांसमोर येतात. गटात फक्त सूचना ठेवा आणि टाकण्याचा अधिकार शिक्षकांकडेच ठेवा. स्वाध्यायासाठी गूगल क्लासरूमसारखी जागा वापरा, जिथे शेरा फक्त त्या मुलाला दिसतो. आणि रात्री आठनंतर गृहपाठ पाठवू नका. कागदावर गृहपाठ होता तेव्हा तो शाळा सुटण्याआधीच दिला जायचा.

१२. डोळे खराब होणार नाहीत का? दिवसाला किती वेळ चालेल?

करोनाकाळात केंद्र सरकारच्या ‘प्रज्ञाता’ सूचनांनी पहिली ते आठवीसाठी तीस ते पंचेचाळीस मिनिटांची जास्तीत जास्त दोन सत्रं आणि नववी ते बारावीसाठी चार सत्रं सांगितली होती. तेव्हा शाळा पूर्ण बंद होत्या. आता शाळा भरत असताना आम्ही त्याच्या निम्म्यावर थांबतो. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद लांब बघायचं. आमचा वर्ग समोरच्या वडाकडे बघतो. डोळ्यांसाठी सर्वांत मोठं संरक्षण म्हणजे दिवसाउजेडी बाहेर खेळणं. त्यामुळे खेळाचा तास कापून संगणकाचा तास ठेवला जात असेल तर पालकांनी त्याला विरोध करावा.

पहिली-दुसरीच्या मुलांसाठी विचारत असाल तर माझं उत्तर सरळ आहे: मुलाच्या हातात स्क्रीन देऊ नये. बाईंनी पडद्यावर एखादी गोष्ट दाखवली तर हरकत नाही. बाकी पाटी, चिंचोके, मणी, खडू.

१३. स्वीडन पुस्तकांकडे परत गेलं म्हणतात. मग आपण उलट्या दिशेने का जायचं?

स्वीडनच्या सरकारने २०२३ मध्ये शाळांच्या पुस्तकखरेदीसाठी ६८ कोटी ५० लाख क्रोनर दिले, हे खरं. त्यांनी लहान वर्गांतही पुस्तकाच्या जागी स्क्रीन आणली होती आणि ते पाऊल मागे घेतलं. आपल्याकडे पहिली ते आठवीच्या सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या मुलांना छापील पुस्तकं मोफत मिळतात. ती टिकवली तर त्यांच्यासारखं परतायची वेळ येणार नाही.

१४. मुलांचे फोटो, गुण, आधार क्रमांक कुठल्या कुठे जातात. आम्ही काय विचारावं?

तीन गोष्टी विचारा: माहिती कुठे साठते, कोण बघू शकतं, आणि मूल शाळा सोडून गेल्यावर ती कधी पुसली जाते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल मानलं आहे, आणि त्याची माहिती घेण्यासाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती हा मूळ नियम आहे. मुलांना लक्ष्य करून जाहिराती दाखवायला त्यात मनाई आहे. ‘मोफत’ ॲप निवडताना मी सर्वांत आधी जाहिराती येतात का ते बघते. येत असतील तर ते वर्गात येत नाही.

१५. उत्तरपत्रिकाही स्कॅन करून संगणकावर तपासल्या तर काम लवकर होईल ना?

तयारी असेल तरच. २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठाने सतरा लाखांहून अधिक उत्तरपत्रिका संगणकावर तपासायला घेतल्या. ३१ जुलैची मुदत गेली, निकाल रखडले, पुढच्या प्रवेशांसाठी मुलं हवालदिल झाली आणि शेवटी कुलगुरूंना पद गमवावं लागलं. कल्पना चुकीची नव्हती. एवढं मोठं काम एकदम, एकाच हंगामात, सराव न करता सुरू करणं चुकलं. आपल्या शाळेत आधी एका तुकडीची एक घटक चाचणी अशी करून बघा.

१६. माझा मुलगा दृष्टिहीन आहे. त्याच्यासाठीही वहीचाच आग्रह धरणार का?

अजिबात नाही. वर लिहिलेलं जिथे उलटं होतं ती जागा हीच. एनव्हीडीएसारखी मोफत वाचक प्रणाली मराठी वाचून दाखवते, फोनमध्ये पडदा वाचून दाखवणारं टॉकबॅक असतं, आणि सुगम्य पुस्तकालयात अशा वाचकांसाठी पुस्तकं आहेत. डिस्लेक्सिया असलेल्या मुलालाही अक्षर मोठं करणं, ओळींतलं अंतर वाढवणं, ऐकत वाचणं याची मोठी मदत होते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार ही सोय देणं शाळेचं कर्तव्य आहे, उपकार नव्हे.

शिक्षकांना विनंती: पुस्तकाच्या पानाचा फोटो काढून पीडीएफ केली तर ती या मुलांसाठी कोरीच असते, कारण वाचक प्रणालीला त्यात अक्षरं सापडत नाहीत. मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही यंत्राला ओळखता येईल अशा प्रमाणित अक्षरसंकेतात, टाइप केलेला हवा. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधल्या फाइलचीही तीच गत होते.

१७. सगळं स्कॅन झालं. आता जुनी जनरल रजिस्टरं रद्दीत दिली तर चालतील का? कपाट रिकामं हवं आहे.

कृपा करून देऊ नका. जनरल रजिस्टर, म्हणजे शाळेत दाखल झालेल्या प्रत्येक मुलाची नोंदवही, हा कायमचा दस्तऐवज आहे. शाळा सोडल्याचा दाखला, जन्मतारखेची दुरुस्ती, जात पडताळणी, सगळं त्यावर उभं असतं. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामात कुणबी नोंदी शोधताना मराठवाड्यापासून सुरुवात होऊन शाळांची जुनी दप्तरं उघडली गेली. त्यातल्या काही नोंदी मोडीत होत्या, त्या वाचायला मोडी जाणणारे शोधावे लागले. शंभर वर्षांपूर्वीच्या मास्तरांनी टाकाने लिहिलेली ओळ आजच्या मुलाच्या कामी आली. आपल्या आजच्या फाइली शंभर वर्षांनी उघडतील याची खात्री मी तरी देऊ शकत नाही.

स्कॅन जरूर करा, दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा आणि रोजच्या कामाला तेच वापरा, म्हणजे मूळ पानं हाताळली जाणार नाहीत. मूळ रजिस्टर आडवं ठेवा, भिंतीला आणि जमिनीला टेकू देऊ नका. पानं लॅमिनेट करू नका, चिकटपट्टी लावू नका. सुती कापडात बांधून पावसाळ्याआधी आणि नंतर एकदा उघडून बघा, आणि गठ्ठ्यावर कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंतच्या नोंदी आहेत ते लिहून ठेवा.